पंधरा पॉइंट नऊ

मेटगळ्ळीच्या गॅरेजात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एकच मॉडेल, एकच रंग, दोन्ही टर्बो, दोन्ही पंधरा वर्षांच्या. मेकॅनिक नरसिंहमूर्तींनी चैत्राची किल्ली चुकून शरतच्या हातात दिली... आणि ओळख झाली.

"तुम्ही त्या पंधरा पॉइंट नऊवाल्या चैत्रा?" ती आईशी फोनवर मराठीत बोलताना शरतनं ऐकलं होतं, म्हणून कानडी सोडून मराठीतच विचारलं.

चैत्राचे कान तापले. जुन्या टर्बो गाड्यांच्या ग्रुपवर एक यादी होती. काहीही न बदललेली, कंपनीतून आली तशी गाडी पाव मैल किती सेकंदांत कापते, त्याची. यादीत ही बाई पहिली! आणि तो आकडा तिनं मोजला होता मोबाइलवर, चांगल्या लांबलचक उतारावर. ग्रुपमधले लोक फार शेखी मिरवत होते, दिला ठोकून. कुणी विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही.

"माझी सतराच्या खाली येतच नाही," शरत म्हणाला. "ग्रुपची ड्रॅग रेस झाली की इंजिन उघडतोय."

"कशाला? चालतेय ना सरी, नीट?"

"तुमची पळते. मग माझीतच काहीतरी बिघडलंय, अल्वा? हो ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो असा बघत होता... कुणी तिच्याकडे इतक्या कौतुकानं कधी बघितलं नव्हतं. मग तीन रविवार विजयनगरात कॉफी झाली, 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो हसला की तिला आवडायचं, आणि लगेच स्वतःची लाज वाटायची.

कडकोळच्या पुढच्या एका खाजगी धावपट्टीवर रेस होती. शरतची वेळ आली सतरा पॉइंट चार. मग चैत्रा सुटली. फलकावर आकडे उमटले: सतरा पॉइंट सहा.

शरत धावत आला. "क्लच घसरला असेल गं. परत पळव."

त्याला शंकासुद्धा आली नाही, हेच तिला सोसवेना.

"क्लच नाही घसरला," ती खाली बघत म्हणाली. "माझी गाडी एवढीच पळते. तो आकडा... उतारावरचा होता. मला माहीत होतं. तुला सांगायची लाज वाटली."

त्यानं मागं वळून फलकाकडं पाहिलं. हवेत जळक्या रबराचा वास होता.

"मी वडिलांना, अप्पांना, नको ते बोललो," तो म्हणाला. "पंधरा वर्षं जिवापाड सांभाळलीय त्यांनी ती. तुझा आकडा दाखवून म्हटलं, तुम्ही गाडीची वाट लावलीत. महिना झाला, ते गाडीत बसत नाहीत."

चैत्राला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"मी येते," ती म्हणाली. "त्यांना मीच सांगते. नंतर माझं तोंड बघू नकोस."

शरतच्या घरी अप्पा, वासुदेवराव, ओट्यावर पेपर वाचत होते. चैत्रानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. शरत बाजूला मान खाली घालून उभा.

"चुकलो, अप्पा," तो एवढंच म्हणाला.

म्हाताऱ्यानं पेपरची घडी घातली. "आज किती आली?"

"आपली सतरा चार."

"आणि हिची?"

"सतरा सहा," चैत्रा पुटपुटली.

वासुदेवराव उठले, चपला घातल्या, आपल्या गाडीचं दार उघडून पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. "पोरी, तू मागं बस. कॉफी प्यायला जाऊ."

चैत्रा जागची हलेना. शरतनं तिच्यासाठी मागचं दार उघडलं... आणि तिची बोटं क्षणभर घट्ट धरली.

"तोंड बघू नकोस म्हणालीस ना? गाडी चालवताना आरशात तर दिसणारच."

"राग गेला?"

"नाही," तो म्हणाला. "पण तू बस."