बोरवस्तीचे जळके मीटर

“त्या पोरीला सोडवाया आल्या असाल, तर तुमची गाडी पेटंल.”

बोरवस्तीत पाय ठेवल्या ठेवल्या यामिनी धर्माधिकारींचं हे असं स्वागत झालं. त्या विद्युत निरीक्षक. विजेचा अपघात झाला की त्याचं कारण शोधायचं, ही त्यांची नोकरी. घोडेगावच्या पुढच्या या वस्तीत सरकारी योजनेतले नवे स्मार्ट मीटर काल बसले आणि आज सकाळी त्यातले कित्येक भडकले. वरच्या आळीत रंगुबाईंच्या टीव्हीनं पेट घेतला, आग छपराला लागली. म्हातारी नगरच्या दवाखान्यात होती. आणि मीटर बसवणारी रोहिणी, नोकरीला अगदी नवी, तिला गावानं समाजमंदिराच्या खोलीत कोंडून घातलं होतं.

दाराशी हवालदार सुनील उभा होता. गर्दीपुढं एकट्याचं काय चालणार? त्यानं हळूच सुचवलं की मॅडम, बसवणारीची चूक एवढं लिहून द्या, मी तिला गाडीत घालतो, गाव शांत होईल. पोरगी तुरुंगात गेली काय अन् राहिली काय, त्याला आपलं आजचं निस्तरायचं होतं. यामिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बघितल्याशिवाय मी एक अक्षर लिहीत नसते, असं त्यांनी त्याला तोंडावर सुनावलं.

आधी यामिनीबाई डीपीकडे, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरकडे गेल्या. वीज बंद केलेलीच होती. न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणारी सामाईक तार तुटलेली दिसली. तुटली कसली, पकडीनं साफ कापली होती. जळून तुटलेलं टोक काळं पडतं, हे चकचकीत होतं.

मग कापली तिनंच, असा गर्दीनं गलका केला. स्वतः बसवलेले मीटर ती दुसऱ्याच दिवशी कशाला जाळेल, असं यामिनीबाईंनी उलट विचारलं.

सुनीलचा संशय आसारामवर. हा गावचा खासगी वायरमन. जुने मीटर हळू चालवून देण्यात त्याचा हातखंडा, नव्या मीटरनं त्याचा धंदाच बसणार. पण वरच्या आळीतल्या त्याच्या घरात पंखा, टीव्ही, मिक्सर, सगळं खाक झालं होतं. तार कापणाऱ्यानं आधी आपला मेन स्विच तरी पाडला असता.

खालच्या आळीत लंकाबाई दार अडवून उभी राहिली. पाणी विचारणं तर दूरच.

“तुमच्याकडे काय जळलं?”

“काय न्हाई.”

“बल्ब?”

“निखाऱ्यावानी लाल झाल्ता. पंखा रांगाया लागला. मंग लाईटच गेली. आता जावा.”

त्या आळीत घरोघर हेच ऐकायला मिळालं. वेगळं सांगितलं ते फक्त शेवटच्या घरात, सहादेवअण्णांनी. अण्णा मीटरविरोधी समितीचे पुढारी. रोहिणीच्या खोलीची किल्लीही त्यांच्याच खिशात. घराला लागून त्यांचं दूध संकलन आणि दुधाचा मोठा कूलर.

“तुमच्याकडे काय झालं?”

“बल्ब फटकन फुटला. मीटर भडकला. ह्यो बघा.”

“आणि कूलर?”

“त्यो बंदच असतोय. दूध लगीच टेम्पोनं जातं.”

यामिनीबाईंनी टाकीला सहज हात लावला. भर दुपारीही टाकी गारेगार होती. तिची वायर घराकडे नाही, थेट खांबाकडे गेली होती. काजळलेला मीटर त्यांनी उतरवून घेतला.

तेवढ्यात रंगुबाईंच्या मुलाचा, रामचा फोन वाजला. आई गेली होती. गाव आता थेट समाजमंदिरावर चालून गेलं. कोणीतरी दारावर दगड मारला. रामच्या खांद्यावर हात टाकून अण्णा मोठ्यानं म्हणाले, “तुझ्या आईचा जीव तिनं घेतलाय.” सुनील घामाघूम झाला होता. आता लिहाच, म्हणून तो हातापाया पडू लागला.

“लिहिते,” पायरीवर चढून यामिनीबाई म्हणाल्या. “पण आधी ऐका. न्यूट्रल कापली की सगळीकडे सारखं होत नाही. दोन आळ्यांना तारा वेगळ्या, न्यूट्रल एकच. ज्या आळीवर भार जास्त, तिथलं व्होल्टेज पडतं. भार कमी, तिथं चढतं. वरची आळी जळाली, खालची मंदावली. म्हणजे खाली काहीतरी मोठं चालू होतं. चार पंखे अन् बल्बांचं ते काम नाही.”

माना अण्णांकडे वळल्या. खालच्या आळीत मोठं काय आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

“कूलर खांबावर आकडा टाकून थेट चालतो, मीटरशिवाय. उद्या डीपीवरही मीटर बसणार होता. किती वीज आली अन् किती बिलात लागली, ते दिसलं असतं. म्हणून अण्णांनी तार कापली. मीटर जळावेत, गावानं योजना हाकलावी, एवढाच बेत. घराचा मेन स्विच पाडला, पण कूलर मेनवर नव्हताच. तो चालू राहिला, आणि त्याच्यामुळं वरच्या आळीत व्होल्टेज एवढं चढलं. सगळ्यांचं जळणार हे धरून अण्णांनी आपलाही मीटर पेटवून ठेवला.”

त्यांनी मीटरचं झाकण उघडलं. बाहेरून कोळसा, आत लख्ख पांढरा.

“तुमच्या आळीत एकाचाही बल्ब फुटला नाही, अण्णा. तुमचाच कसा फुटला?”

अण्णांचा हात रामच्या खांद्यावरून गळून पडला.

“फकस्त मीटर जळतील वाटलं हुतं,” ते म्हणाले. “म्हातारीचं ध्यानीमनी न्हवतं, राम.”

सुनीलनं त्यांचं मनगट धरलं. गर्दीतले निम्मे खाली मान घालून उभे होते, आकडे त्यांचेही होते. रोहिणीची माफी मागायला एकही जण पुढं आला नाही. मीटर मात्र नकोच, असं कुणीतरी पुटपुटलं आणि लोक पांगू लागले.

रामनं अण्णांच्या खिशातून किल्ली काढली आणि दार उघडलं. रोहिणी भिंतीला चिकटून उभी होती, ओठ सुकलेले. सकाळपासून तिला शिव्या घालायला सगळं गाव आलं होतं, पण आगीतल्या म्हातारीचं पुढं काय झालं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

“दादा, त्या आजी कशा आहेत?” तिनं विचारलं.

“गेली,” राम म्हणाला, आणि तिथंच उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडायला लागला.