तनुजा जर्मनीला निघाली तेव्हा

लातूरच्या गंजगोलाईत मार्चची दुपार तापली होती. उन्हातून एकदम बॅगांच्या दुकानात शिरल्यावर तनुजाला क्षणभर काही दिसेचना. डोळे निवळले तेव्हा तिची सात वर्षांची शिवन्या एका उघड्या बॅगेत मांडी घालून बसली होती.

"ही बॅग बसणारीसकट बांधू का?" काउंटरमागून प्रश्न आला.

आवाज गंभीर, डोळे मात्र हसरे. हा मन्मथ. थोरल्या भावासोबत तो हे दुकान चालवायचा.

तनुजा हसली. जर्मनीत नर्सची नोकरी लागलीय, बॅग टिकाऊ पाहिजे, म्हणाली. किती जण निघालात, त्यानं विचारलं.

"दोघी. मी आन् ही."

यापुढं लोक काय विचारतात ते तिला पाठ होतं. हिचे पप्पा कुठं असतात? पोरीला आजीकडं का ठेवत नाही? गेल्या वर्षी बघायला आलेल्या एकानं तर, पोर इथंच ठेवणार असाल तर पुढचं बोलू, असं तोंडावर सांगितलं होतं. तनुजानं त्याला चहा संपायच्या आत वाटेला लावलं होतं.

मन्मथनं काहीच विचारलं नाही. स्टुलावर चढून त्यानं एक मोठी बॅग काढली... मग एक छोटी, लाल चाकांची. "ही हिची. स्वतःची स्वतः ओढंल."

तनुजानं त्याच्याकडं पुन्हा पाहिलं. या वेळी जरा जास्त वेळ.

चार दिवसांनी ती चेन अडकते म्हणून आली. चेन अडकत नव्हती. त्यानं ती तीनदा उघडझाप करून बघितली, "लई अडकती," म्हणाला, आणि ठेवून जा, परवा या, असं सांगितलं. परवा त्यानं चहा मागवला. पुढं कारणांची गरज उरली नाही. ड्युटी सुटली की ती दुकानात यायची, शिवन्या काउंटरवर गणितं सोडवायची, आणि तनुजा मन्मथला जर्मन शिकवायची. तो शब्द मुद्दाम चुकीचे उच्चारायचा – तिनं पुन्हा म्हणून दाखवावेत म्हणून. तिला ते कळायचं. तरी ती पुन्हा म्हणायची.

अडचण एकच होती. शिवन्याच्या व्हिसाला वडिलांची संमती लागत होती. अमरेशशी घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती, कोर्टानं पोरही तनुजाकडंच दिली होती. पण निलंग्याला ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान चालवणारा अमरेश दोन महिने नुसतं "बघू" म्हणून फोन ठेवत होता. मन्मथ म्हणाला, मी येतो सोबत. ती म्हणाली, तिथलं माझं मी बघते. तुम्ही दिवसभर शिवन्याला सांभाळा.

स्वतःच्या आईशिवाय तिनं पोरीला आजवर कुणाकडं सोडलं नव्हतं. त्याला ते माहीत होतं. तो "हाव" एवढंच म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले.

सकाळच्या एसटीनं ती निलंग्याला गेली आणि खुर्ची ओढून अमरेशसमोर बसली. भांडली नाही, रडली नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल, सुट्टीत भेट, हे सगळं तिनं लिहूनच आणलं होतं. पोर तुमचीपण आहे, हे मी तिला विसरू देणार नाही, म्हणाली. पण ती माझ्यासोबत जाणार. अमरेशनं कागद शेवटपर्यंत वाचला. मग त्यानं विचारलं, तिचा पुढचा दात पडला का? तनुजानं फोटो दाखवला. दुपारी तो नोटरीकडं आला आणि त्यानं सही केली.

संध्याकाळी तिनं तो कागद मन्मथपुढं ठेवला. त्यानं तो दोनदा वाचला. चेहरा उजळला... आणि मग जरासा उतरला.

"बरं झालं," तो म्हणाला. "थांबा असं मी कधीच म्हणणार न्हाई."

"मग काय म्हणणार?"

तो नुसता कागदाची घडी नीट करत राहिला.

"नोंदणी लग्नाची नोटीस तीस दिवसांची असती," तनुजा म्हणाली. "मला निघायला सत्तर दिवस हायत. नाव मी बदलणार न्हाई. आधी आम्ही दोघी जाणार, तुम्ही जर्मनची परीक्षा देऊन मागनं यायचं. सुरुवातीला माझ्या पगारावर राहावं लागंल. चालंल?"

"हे... मी विचारणार होतो."

"कधी?"

"तुम्ही तिकडं पोचल्यावर. फोनवर."

तिला हसू आवरेना. मन्मथ मात्र शिवन्याकडं वळला. "आधी हिला विचारायला पायजे."

शिवन्यानं वहीतून मान वर केली नाही. "आईनं मला परवाच विचारलंय. मी हाव म्हणले."

जूनमध्ये लग्न झालं. जुलैत मायलेकी हैदराबादहून उडाल्या. मन्मथ परीक्षेत एकदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास. फेब्रुवारीत फ्रँकफर्टच्या विमानतळावर तो बाहेर आला तेव्हा शिवन्या सगळ्यांच्या आधी धावली. तनुजा सावकाश चालत आली. तिनं गळ्यातला मफलर काढून त्याच्या गळ्यात गुंडाळला आणि गाठ मारता मारता हळूच विचारलं –

"थंडी वाजती का तुला?"

तुला! इतके दिवस ती तुम्ही म्हणायची.

"वाजत होती," तो म्हणाला.