खिडकीबाहेर धरलेला अँटेना

वीज आता दहापर्यंत येत नाही. पैज लावा हवी तर. तीस वर्षं टीव्ही टॉवरवर नोकरी केलीये मी, कुठली लाइन कधी जाते आणि कधी येते हे मला विचारा. एमिल, तो मोबाइल खिशात घाल, डोळे दिपतात. आणि कोणीतरी चहा ओता.

तो नवा अँटेनाही खोक्यात परत घाल. सकाळपासून बघतोय तुझे उद्योग. फ्रिजच्या मागे लावतोस आणि वर म्हणतोस, चित्र फुटतं. फुटणार नाही तर काय! लोखंडाच्या आड बसवलास तर चित्र काय तुझं तोंड बघायला येणारे? खिडकीत ठेव, उंचावर ठेव, तोंड टॉवरकडे कर. जागा बदललीस की चॅनेल पुन्हा शोधायला लाव. एवढंच शास्त्र. बाकी सगळी दुकानदाराची बडबड.

एक मात्र सांगून ठेवतो. कितीही झकास चित्र येऊ दे, अँटेना हातात धरून उभं राहायचं नाही. ठेवायचा आणि बाजूला व्हायचं.

हसा, हसा. तुरारला विचारलंत तर तो हसणार नाही. ओळखता ना तुरारला? माझ्या हाताखाली तयार झालेला, मला तुमच्यासारखाच बाइके म्हणतो, थोरला भाऊ मानून. घरोघर अँटेना बसवायचा, हात इतका चांगला की लोक नारिनहून दोन दोन तास गाडी पाठवून त्याला न्यायचे. आता टायर विकतो. का विकतो, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. त्यानं सांगितलेलं आणि त्यानंतर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, तेवढंच सांगणार आहे. पदरचं काही नाही.

दोन हजार चोवीस, अठरा जानेवारी. गुरुवार. ताश-बुलाकहून उलकन अपा नावाच्या म्हातारीचा निरोप आला होता, घरात लावायचा अँटेना घेऊन ये, आणि काही झालं तरी सातच्या आत लावून दे. खाण बंद पडल्यापासून ताश-बुलाकची काय दशा झालीये ते तुम्ही पाहिलंच आहे. चारमजली इमारत आणि तिच्यात दोन चुली. अपा तिसऱ्या मजल्यावर, आणि तळमजल्यावर तिच्याच वयाची एक म्हातारी. बाकी सगळ्या खिडक्या काळ्या.

तुरार सहाला पोचला. बाहेर उणे बावीस, अंधार पडलेला. अपानं आल्या आल्या त्याच्या हातावर पावाचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "खा आणि कामाला लाग, लेका. माझी नात आज टीव्हीवर कोमुझ वाजवणारे. नऊ वर्षांची आहे. बरोबर सातला."

"मग मोबाइलवर बघायचं ना, बाइके."

ताश-बुलाकात, एमिल? तिथे साधा फोन लावायला लोक टेकडी चढतात, आणि हा निघाला मोबाइलवर बघायला! मध्ये तोंड घालू नकोस रे.

टीव्ही मागच्या खोलीत होता. त्याच्यावर पांढरं कापड टाकलेलं. तुरार समजला, दुखवट्याचं घर आहे.

"कोण गेलं, अपा?"

"बेकतेन. माझा मुलगा. कोमुझ वाजवणाऱ्या पोरीचा बाप." तिनं कापड स्वतःच काढलं आणि चार घड्या घालून बाजूला ठेवलं. "काल चाळिसावं झालं. आता लावायला हरकत नाही."

तुरारनं गेलेल्यासाठी दुवा मागून दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि कामाला लागला. टॉवर स्वयंपाकघराच्या बाजूला, म्हणून लांब तार ओढून आधी तिथे पाहिलं. काही नाही. त्या जुन्या इमारतींच्या भिंतींत लोखंडी सळ्यांची जाळीच असते. सिग्नल वाढवायची डबी लावून पाहिली, पण मुळात येतच नाही ते वाढवणार काय? कपाटावर ठेवून पाहिला, दाराच्या चौकटीला टांगून पाहिला. घड्याळात साडेसहा वाजले.

"अपा, जमेलसं वाटत नाही. डोंगर आडवा येतोय."

अपानं घडी घातलेलं कापड मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाली, "मागच्या खिडकीतून बघ. बेकतेन तिथून धरायचा."

ती खिडकी टॉवरच्या बरोबर उलट्या बाजूला. दुसरा कोणी असता तर हसला असता. पण तुरार माझ्या हाताखालचा. त्यानं डोकं बाहेर काढून पाहिलं, तर समोर नुसता उघडा कडा. कधी कधी सिग्नल अशा कड्यावर आपटून परत येतो. त्यानं अँटेना हातभर बाहेर धरला, आणि लागलं की चित्र! हात आत घेतला, गेलं. पुन्हा बाहेर, पुन्हा लागलं.

"अपा, तुम्ही टीव्हीकडे बघून सांगा. डावीकडे घेऊ का उजवीकडे?"

"मी नाही सांगणार."

"अहो, माझी पाठ आहे टीव्हीकडे..."

तिनं भिंतीवरचा छोटा आरसा काढला आणि खिडकीत टेकवून ठेवला. "यात बघ. तुझं तूच बघ. मला विचारू नकोस."

तुरारला नवल वाटलं. पण म्हातारं माणूस, त्यातून पोटचा पोर गेलेला... त्यानं आरसा सरळ केला. आरशात सगळं दिसत होतं. टीव्ही, शेगडी, जमिनीवरच्या गादीवर बसलेली अपा. सातला दहा कमी होते.

अपा काहीतरी म्हणाली. खिडकीत वारा भणाणत होता, त्याला ऐकू आलं नाही. तो नुसताच "हो, हो" म्हणाला. चित्र पुन्हा फुटायला लागलं होतं, त्याचं सगळं लक्ष हातातल्या अँटेनावर.

तेवढ्यात मागून आवाज आला. "थोडं बाहेर, बाळा."

तुरारला हायसं वाटलं. बोलली एकदाची. त्यानं हात लांबवला.

"आणखी थोडं."

तो खिडकीच्या कठड्यावर पोटावर रेलला.

"आलं बघ... आणखी थोडं बाहेर."

"एवढं पुरे ना, अपा?"



त्यानं मान वळवून आरशात पाहिलं. टीव्हीवर चित्र लख्ख होतं. शेगडी जळत होती. गादीवर... कोणी नव्हतं.

"अपा?"

खोलीत कोणी नव्हतं.

"तिथेच. हलू नकोस हं." आवाज गादीवरून आला. रिकाम्या गादीवरून. अपाचाच आवाज.

अपा खाली गेली होती. तळमजल्यावरच्या म्हातारीला बोलवायला. मघाशी तेच सांगून गेली. दार नुसतं लोटून राहत नसे, म्हणून बाहेरून कुलूप लावून गेली. ते तुरारला नंतर कळलं. तेव्हा त्याला एकच कळलं, इथून बाहेर पडायचं.

हात मागे घ्यायला गेला. येईना.

आता तुम्ही म्हणाल, थंडीत धातूला कातडी चिकटते. मीही त्याला तेच म्हणालो. पण अँटेनाची मूठ प्लास्टिकची होती. तुरार म्हणाला, बाइके, कोणी ओढत नव्हतं. एक वेळ ओढलं असतं तर मी भांडलो असतो. माझ्या बोटांवरून कोणाची तरी बोटं होती. एक जड हंडा दोघांनी मिळून धरावा ना, तशी. गार. आणि घट्ट. सोडायची त्यांना भीती वाटत होती.

"आणखी थोडं."

आणि तो सरकला. मनात नसताना. बरगड्या कठड्यावर घासल्या.

त्यानं ओरडून पाहिलं. "कोणी आहे का?" समोरच्या कड्यानं त्याचंच ओरडणं परत पाठवलं. मग शांत. सगळ्या खिडक्या काळ्या...

"आणखी थोडं बाहेर, बाळा."

पायाची बोटं जमिनीवरून सुटली.

खाली तीन मजले. खाली बर्फ. बर्फातून वर आलेलं लोखंडी कुंपण.

मागे कोमुझ वाजायला लागला. सात वाजले होते.

"आणखी..."

कुलपात किल्ली फिरली. एकदा. दोनदा.

आरशात दाराची चौकट दिसली. अपा दारात उभी. हातात तळलेल्या बोर्सोकचं ताट. तिनं तो आवाज ऐकला. स्वतःचाच.

"आणखी थोडं..."

ताट खाली पडलं.

ती तुरारला धरायला धावली नाही. सत्तर वर्षांची बाई, ओढून ओढून काय ओढणार? ती गादीवर जाऊन बसली. आवाज येत होता त्याच जागी. टीव्हीवर तिची नात वाजवत होती, अगदी समोर. अपानं तिकडे मानसुद्धा वळवली नाही. तिची नजर खिडकीवर होती.

"दिसलं, बाळा," ती म्हणाली.

शांत.

"छान दिसलं. सगळं दिसलं मला."

वारासुद्धा नाही.

"पुरे आता... आत ये."

बोटांवरची बोटं सुटली. एक... एक करून.

तुरार पाठीवर खोलीत पडला. अँटेना बाहेर गेला, त्याच्यामागे तार गेली, टीव्ही काळा झाला. पोरीचं वाजवणं अर्ध्यावरच राहिलं.

तो तसाच उठला, हत्यारांची पिशवीही न घेता दाराकडे पळाला. अपा मागून एवढंच बोलली, "नऊ डिसेंबरला तोही असाच धरून उभा होता. मी म्हणत होते, आणखी थोडं, आणखी थोडं. मी टीव्हीकडे बघत होते रे."

हे सांगताना तुरार माझ्यासमोर हुंदके देऊन रडला. मलाही रडू आलं, लपवत नाही. केवढ्या आशेनं बसली होती ती म्हातारी सात वाजायची वाट बघत, आणि नातीचं तोंड न बघताच म्हणाली, दिसलं.

शनिवारी सकाळी त्याची पिशवी आणायला मी गेलो. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नव्हता. पोराला थंडीनं भ्रम झाला असेल, असंच मनात होतं. अपानं दार उघडलं. चेहरा शांत, झोप झालेली दिसत होती. मागच्या खोलीत शेगडी इतकी पेटलेली की मी टोपी काढली, कोट काढला, तरी घाम. खिडकी बंद, कडी घातलेली. पिशवी खिडकीखालीच पडलेली होती. ती उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो.

लोकरीच्या गालिच्यावर पावलं उमटली होती. अनवाणी, पुरुषाची. बर्फाची. दोन रात्री उलटल्या होत्या, शेगडी हातभर अंतरावर होती... आणि बर्फ वितळला नव्हता. मी बोट लावून पाहिलं. कोरडा, भुसभुशीत, आत्ता पडल्यासारखा.

खिडकीपासून अपाच्या गादीपर्यंत सात पावलं. मी मोजली. सातही पावलांची बोटं गादीच्या दिशेला. परत जाणारं एकही नाही.