उलट्या आट्यांचा आरसा

"माझा आरसा चोरलाय. गाडी जागेवर आहे, फक्त आरसा गेलाय," इसक्कीमुत्तु म्हणाले आणि समोरच्या कॉफीला त्यांनी हातही लावला नाही.

मदुराईत नाच्चियारअक्कांकडे लोक पळालेले जावई आणि हरवलेल्या साखळ्या घेऊन येत. आरसा घेऊन कुणी आलं नव्हतं. तिचा मावसभाऊ उलगनाथन टिपणं घ्यायला बसला होता. त्याने पेन खाली ठेवलं.

"मग नवा बसवा की," तो म्हणाला.

"त्यावर बायकोची टिकली आहे," इसक्कीमुत्तु म्हणाले. "मागे बसून त्यात बघायची. एकदा कपाळावरची काढून काचेच्या कोपऱ्यात चिकटवली. ती गेली, टिकली राहिली. मला तोच आरसा हवाय."

उलगनाथनने पेन पुन्हा उचललं.

आयुधपूजेच्या सकाळी इसक्कीमुत्तूंनी जुनी मोटरसायकल धुतली, चाकांखाली लिंबं ठेवली, हत्यारं पूजेला मांडली. दुपारी जेवून डोळा लागला. उठून बघतात तर उजवा आरसा गायब.

"जन्मभर बस चालवली मी. आरशाशिवाय गाडी हलवायची नाही, हा माझा नेम आहे. म्हणून म्हटलं, सापडेपर्यंत दुसरा बसवावा. तर जुन्या सुट्या भागांच्या गल्लीत जाईन तिथे एकच उत्तर. होता, कालच गेला."

"सगळ्या दुकानांत?" नाच्चियारने मान वर केली.

"सगळ्या. कुणीतरी माझ्या वाईटावर आहे अक्का. तो काशी मेकॅनिक, नाहीतर लॉजवाला चोक्कलिंगम."

"गल्लीत जाणार हे कुणाला ठाऊक होतं?"

"त्या दोघांनाही. आणि घरी जेवताना बोललो होतो."

बोलताना ते कोपरावरची खपली खाजवत होते. "मागच्या महिन्यात पडलो. वळणावर खड्डा होता."

जुन्या भागांच्या गल्लीतला दुकानदार कंटाळला होता. "हेल्मेट घातलेलं गिऱ्हाईक होतं. बोललं नाही, बोटाने दाखवलं. पण खरेदी जाणकाराची. आरसा फिरवून दांडीचे आटे उलटे आहेत ना, ते आधी बघितलं."

"उलटे?" उलगनाथनने विचारलं.

"त्या गाडीचा उजवा आरसा उलटा फिरवून सुटतो. नवखा माणूस सोडवायला जातो आणि आणखी आवळून बसतो."

चोक्कलिंगमच्या लॉजच्या अंगणात जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. "म्हातारा गाडी विकत नाही, म्हणून मी आरसा चोरीन? मला काय भीक लागलीय?"

नाच्चियारने तसल्याच एका गाडीचा उजवा आरसा दाखवला. "हा जरा सोडवून देता?"

त्याने ऐटीत पाना लावला आणि चुकीच्या बाजूला जोर केला. आरसा तसूभर हलला नाही. "ही कामं माझी माणसं करतात," तो घाम पुसत पुटपुटला.

"मग काशीच. आटे त्याला पाठ असणार," रस्त्यात उलगनाथन म्हणाला. ठरवून टाकण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

काशी मात्र उखडला. "आयुधपूजेला पाना हातात धरीन मी? माझी सगळी हत्यारं देवापुढे होती. दुसऱ्या दिवशीची पूजा झाल्याशिवाय आमच्यात कुणी हात लावत नाही. गल्लीत विचारा." मग जरा निवळून म्हणाला, "त्या आरशाचं काय सांगू अक्का. कितीदा सरळ करून दिला, पण साहेब परत आत वळवतात. त्यात मागचा रस्ताच दिसत नाही."

"मग काय दिसतं?"

"मागची सीट."

इसक्कीमुत्तूंच्या घरी त्यांची मुलगी कुयिलीने दार उघडलं. ती शाळेत शिकवत असे. "अप्पा पडले ते खड्ड्याने नाही. तिथे खड्डाच नाही," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

गाडीच्या हँडलवर आरशाच्या जागी ओरखडाही नव्हता. फळीवर पूजेतली हत्यारं तशीच होती, सगळ्यांवर विभूतीचे तीन पट्टे. एका पान्यावर मात्र चंदनाचा टिळा होता आणि मोगऱ्याचं सुकलेलं फूल.

"चंदन तुम्ही लावलंत?" नाच्चियारने विचारलं.

"छे. आमच्यात विभूती लावतात," इसक्कीमुत्तु म्हणाले. "ते राहू द्या. काशीचं नाव पोलिसांत देऊ ना?"

"देऊ नका. बसा. कुयिली, तूही बस."

ती उभीच राहिली.

"ज्याला टिकलीवाला आरसा हवा, तो दुकानांतले बाकीचे आरसे का उचलेल?" नाच्चियार म्हणाली. "चोराला आरसा नकोच होता. गाडी उभी राहायला हवी होती. तुमचा नेम त्याला ठाऊक होता. आटे उलटे आहेत हेही ठाऊक होतं, म्हणून चोक्कलिंगम सुटला. त्या दिवशी काशी पान्याला शिवणार नाही. बाहेरच्या चोराने पाना वापरून फेकून दिला असता. पण इथे वापरताना विभूती पुसली गेली, तेव्हा चोराने पान्याला टिळा लावला, केसातलं फूल वाहिलं, माफी मागितली. विभूती लावली असती तर मला संशय आला नसता. घाईत हाताशी चंदनच असणार."

उलगनाथन कुयिलीच्या गजऱ्याकडे बघतच राहिला.

कुयिली आत गेली आणि तांदळाच्या डब्यातून पिशवी घेऊन आली. पिशवीत आरसेच आरसे होते. सगळ्यांत वर लाल टिकलीचा होता.

"लहानपणी तुम्हीच पाने आणायला सांगायचात अप्पा. आटे तुम्हीच शिकवलेत," ती म्हणाली. "गाडी चालवताना तुम्ही रस्ता बघत नाही. अम्माची रिकामी सीट बघता. अम्मा गेली. आता तुम्हालाही घालवू?"

इसक्कीमुत्तूंनी आरसा घेतला आणि अंगठ्याने टिकलीभोवतीची धूळ पुसली. मग उठून त्यांनी तो पत्नीच्या फोटोशेजारी ठेवला.

"काशीला बोलाव," ते म्हणाले. "मला त्याची माफी मागायचीय. आणि ह्यातला एखादा साधा बसवायचाय."

संध्याकाळी गाडी सुरू झाली तेव्हा किल्ली कुयिलीकडे होती आणि इसक्कीमुत्तु मागे बसले होते. अप्पा नीट बसलेत का, ते दिसावं म्हणून तिने आरसा हळूच आत वळवला.

त्यांनी तिच्या खांद्यावरून हात लांबवून तो पुन्हा बाहेर वळवला.

"रस्ता बघ," ते म्हणाले.