न दिलेलं इंजेक्शन

या, जवळ सरका. आणि हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या. हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय. हॉस्पिटलात एमआरआय काढायचा तो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, मंगळवार, रात्रीचे पावणेबारा.

पेशंट त्याचीच भाची, एकोणीस वर्षांची. पोरीला क्रोन्स. म्हणजे आतड्याला सूज येते, जखमा होतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. त्या रात्री दुखणं हाताबाहेर गेलं. प्रश्न एकच होता, आतडं अरुंद झालंय ते सुजेनं की जुन्या जखमेच्या व्रणानं? सूज असेल तर औषध. व्रण असेल तर सकाळी कापायचं.

तासभर तिला औषधी पाणी पाजलं. "मामा, पोटाचा पार माठ केलास," असं म्हणत बिचारीनं संपवलं. मग मशीनमध्ये सरकवलं. काचेपलीकडून हा माइकवर सांगायचा, "श्वास घे. सोड. आता धरून ठेव." फोटो लख्ख येत होते.

तेवढ्यात त्याची नजर ट्रेवर गेली. इंजेक्शन तसंच, भरलेलं! आतड्याची हालचाल थांबवणारं. ते दिलं नाही तर आतडं वळवळतं, फोटो पुसट येतात. घरचं माणूस म्हणून गडी गडबडला आणि नेमकं तेच विसरला.

पण फोटोत आतडं... हलतच नव्हतं.

"मामा, हात काढ ना."

"कुठला हात?"

"पोटावरचा. गार आहे..."

त्यानं काचेतून पाहिलं. खोलीत ती एकटीच. तिचे दोन्ही हात डोक्यावर.

"मामा... दाबतोय."

हा धावला. तिला बाहेर ओढलं. कोणी नाही.

इंजेक्शनचं तो कुणाजवळ बोलला नाही. नोकरीची भीती. शिवाय फोटो चांगलेच आले होते ना! सर्जननी पाहिले. एका जागी आतडं गच्च आवळलेलं. "व्रणच आहे," ते म्हणाले. सकाळी पोट उघडलं.

हा दाराबाहेर उभा. आपण गप्प बसलो, हेच मनाला खात होतं. सर्जन बाहेर आले. चेहरा उतरलेला.

"व्रण नव्हता. काही कापलं नाही, शिवून टाकलं." मग आवाज खाली आला. "रात्री तिच्याजवळ कोण होतं?"

"कोणी नाही, सर."

त्यांनी मोबाइल पुढे केला. ऑपरेशनच्या वेळी काढलेला फोटो.

आतड्यावर चार बोटांचे काळेनिळे वळ. आणि पलीकडच्या बाजूला... अंगठ्याचा.