रोहनचं लॉगिन

पीएचपीची नवी आवृत्ती आली म्हणून जगात कुणी पेढे वाटत नाही. आमच्यासारख्यांच्या डोक्याला ताप होतो, एवढंच. बऱ्याचशा वेबसाइट याच भाषेत लिहिलेल्या असतात. नवी आवृत्ती येते, जुन्यातलं काहीबाही काढून टाकते आणि काल गुमान चालणारी साइट आज आडवी पडते.

मार्केट यार्डातले अनिरुद्धशेठ कांदा-बटाट्याचे आडतदार. त्यांची साइट अशीच जुन्या आवृत्तीवर दिवस काढत होती. ती माझ्या दादानं, रोहननं, लिहिली होती. सकाळी लिलाव झाला की दादा त्यात भाव भरायचा आणि मग खराडीला नोकरीवर जायचा. गेल्या वर्षी वाघोलीच्या रस्त्यावर डंपरनं त्याला उडवलं. मीही त्याच धंद्यातली, म्हणून साइट माझ्या गळ्यात आली.

कोण काम करतंय त्यांची नावं साइटच्या कोपऱ्यात दिसतात. दादा गेल्यावरही तिथे रोज ‘रोहन – आत आहे’ असं यायचं आणि कांद्याचे भाव भरलेले असायचे. मला त्यात काही वाटलं नाही. गाळ्यावरचे दिवाणजी दशरथकाका त्याचंच लॉगिन वापरत असणार. आपल्याकडे एका पासवर्डवर अख्खं ऑफिस चालतं.

आईला मात्र वाटत होतं. बिबवेवाडीतल्या आमच्या घरी ती उठल्या उठल्या टॅबवर कांद्याचे भाव उघडून बसायची. आम्ही कांदा आणतो अर्धा किलो, पण तिला भाव हवे. ते नाव आलं की “आला बाई” म्हणायची आणि मगच चहा टाकायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे झालं नाही ते त्या नावानं झालं होतं. ती पुन्हा जेवायला लागली होती. मी कशाला तोंड उघडू?

मग सर्व्हरवाल्यांचा मेल आला. जुनी आवृत्ती कायमची काढतोय, नव्यावर या. दादानं पासवर्ड ज्या पद्धतीनं साठवले होते ती पद्धत नव्या आवृत्तीत उरलीच नव्हती. मी साइट हलवली, सगळ्यांना नवे पासवर्ड काढले आणि दशरथकाकांना फोन करून रोहनच्या लॉगिनचाही लिहून घ्या म्हटलं.

“मला कशाला?” ते म्हणाले. “माझं वेगळं लॉगिन आहे की.” मग त्यांनीच विचारलं, “कांद्याचे भाव तुम्हीच घरून भरता ना, ताई?”

दुसऱ्या दिवशी ते नाव आलं नाही. आईनं चहा टाकला नाही. दुपारी ताट तसंच बाजूला सारलं.

मी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. लिलाव संपायच्या सुमाराला कुणीतरी दादाच्या नावानं आत यायला बघत होतं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा चुकीचा. किती वेळ ते चाललं होतं. ते जिथून येत होतं तो इंटरनेटचा पत्ता आमच्याच घरच्या वायफायचा होता. घरात आम्ही दोघीच, आणि तेव्हा आई टॅबला हात न लावता नुसती बघत बसली होती.

माणूस पासवर्ड म्हणून काय टाइप करतो ते साठवायचं नसतं. नव्या पोरांना यासाठी मी झापते. त्या दिवशी मी तेच केलं. सकाळी बघितलं तर इंग्रजी अक्षरांत आईचं नाव होतं, सुंदराबाई. मला रडू आवरेना.

आता सोपं होतं. तोच पासवर्ड पुन्हा ठेवला.

पुढच्या सकाळी शेवटचं अक्षर नव्हतं.

मी तेवढंच ठेवलं. त्यापुढच्या सकाळी अजून कमी आलं. मी त्याच्या मागे धावत होते आणि तो विसरत चालला होता. जुनी आवृत्ती परत द्या म्हणून सर्व्हरवाल्यांच्या हातापाया पडले. मॅडम, ती आता कुठेच नाही, म्हणाले.

आईला सगळं सांगून टाकलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“तुमच्या त्या नव्यात माझ्या लेकराला जागाच नाही का गं, आम्रपाली?”

काल मी पासवर्डची अटच काढून टाकली. दादाचं नुसतं नाव टाकलं की आत.

आज आई आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून टॅबसमोर बसली. चहाचं आधण तिनं आधीच ठेवलं होतं.

लिलाव संपला असेल. माझ्या लॅपटॉपवर नोंद आली.

पासवर्डचा रकाना रिकामा होता.

“आला का गं?” आईनं विचारलं.

नावाचाही रिकामा होता. त्याखाली तशीच आणखी एक नोंद आली. मग आणखी एक.