चेलोला खुर्ची कोणी दिली?

"माझी सनद जाणार आहे, इनेझ. आणि ती घालवणारा माझाच भागीदार आहे," हॅरिएट लुंडीन दारातूनच म्हणाली.

ऑर्विल टकने हातातला बरिटो खाली ठेवला. सॅन लूकास गावात हॅरिएटला कोण ओळखत नव्हतं? खाणीतले मजूर, ट्रकवाले, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाया, सगळ्यांची वकिली तिने जन्मभर केली. आज ती स्वतःच मदत मागायला आली होती.

"बसा आधी. पाणी घ्या," इनेझ बार्सेलो म्हणाली. गावातली एकुलती एक खासगी गुप्तहेर. ऑर्विल तिचा घरमालक. छपरं घालायचा धंदा विकल्यापासून तो रिकामाच होता, म्हणून तिचा मदतनीसही झाला. ही नेमणूक त्याची त्यानेच केली होती.

हॅरिएटने सगळं सांगितलं. रे ऑर्डोन्यो हा तिचा अशील. बस चालवायचा. कंपनीने ब्रेक दुरुस्त केले नाहीत, बस दरीच्या कठड्यावर आदळली, रेच्या डोक्याला मार बसला. सकाळी त्याचं डोकं लख्ख चालतं. जेवण झालं की मात्र नावं गळतात, बोलण्याचा धागा सुटतो.

"म्हणून त्याची शपथेवरची जबानी मी सकाळची ठरवली होती. समोरच्यांना मान्यही होती. आता अचानक हटून बसलेत, दुपारीच हवी! भर दुपारी तो अडखळला की म्हणतील, हा असाच होता, याच्यामुळेच बस आपटली. संपली केस. आमच्या ऑफिसात दुपारचं हे गुपित फक्त दोघांना ठाऊक होतं. मला आणि माझ्या भागीदाराला, प्रेस्टनला."

"मग प्रेस्टनच!" ऑर्विलने मांडीवर थाप मारली.

"तो म्हणतो मीच. समोरच्या बाजूचा वकील होबार्ट माझा जुना मित्र. दर शनिवारी आम्ही नाश्त्याला एकत्र बसतो, अख्खं गाव बघतं. प्रेस्टन सोमवारी सनद देणाऱ्यांकडे माझी तक्रार करणार आहे."

"आणि फर्म?" इनेझने विचारलं.

हॅरिएट कडवट हसली. "बरोबर विचारलंस. डेझर्ट लँटर्न कंपनीला आमची फर्म विकत हवीय. आपल्या ॲरिझोनात वकील नसलेल्यांनाही आता फर्मचे मालक होता येतं ना! विक्रीला दोघांच्या सह्या लागतात. मी मरेन, पण सही करणार नाही. सनद गेली तर मात्र एकट्या प्रेस्टनची पुरते."

प्रेस्टन कीथलीच्या खोलीत हात प्लास्टरमध्ये असलेला एक माणूस आणि त्याची बायको येऊन बसले होते. इनेझ आणि ऑर्विल दाराशी थांबले. प्रेस्टनने गोड हसून बाईंना उठवलं. "मॅडम, तुम्ही जरा बाहेर कॉफी घ्या." बाई फणकाऱ्याने बाहेर आली.

"नवऱ्याचा हात मोडलाय आणि बायकोला हाकलतो! काय माणूस आहे!" ऑर्विल पुटपुटला.

मोकळा झाल्यावर प्रेस्टन आडपडदा न ठेवता बोलला. "हो, मला विकायचीय. किती दिवस ही गळकी नाव हाकायची? हॅरिएटनेच मला हाताला धरून शिकवलं. तिची तक्रार करताना मला काय आनंद होणारे? पण दोघांत गुपित आणि मी बोललो नाही, तर राहिलं कोण? रेला तर मी उन्हाळ्यापासून भेटलोही नाही."

बाहेरच्या टेबलावर काइल ब्रॅन बसला होता. फर्म घेण्याआधी कामकाज पाहायला कंपनीने पाठवलेला तरुण. टाय झकास, बोलणं त्याहून झकास.

"तुम्हीही वकील?" ऑर्विलने विचारलं.

"छे! मी लोकांची काळजी घेतो," काइल हसला. "आमच्याकडे सगळं एका छपराखाली आहे, काका. मोडकी गाडी उचलणारे ट्रक आमचे, दवाखाने आमचे, कंपन्यांच्या वतीने अपघाताचे दावे मिटवणारं ऑफिसही आमचं. फक्त वकील कमी होते."

"रे ऑर्डोन्योची केस माहितीय?"

"सगळ्याच केसेस माहितीयत. टीममध्येच आहे की मी."

डायनरमध्ये होबार्टने अंड्यावर मिरपूड टाकत मान हलवली. "हॅरिएट बोलेल? अहो, तिच्या तोंडून मला आजवर हवामानाशिवाय काही ऐकायला मिळालेलं नाही. दुपारची अट माझी नाही. बस कंपनीचे दावे ज्या ऑफिसात जातात, तिथून आली. याहून जास्त विचारू नका, मी सांगणार नाही."

जेवणं उरकल्यावर दोघं रेच्या घरी पोचले. रेने इनेझला "ये मार्था" म्हणून आत घेतलं. त्याची बहीण चेलो युमाहून त्याची काळजी घ्यायला आली होती. अपघातानंतर आली आणि राहिलीच.

"ऑफिसातलं कोणी आलं होतं का इतक्यात?" इनेझने विचारलं.

"आले होते ना वकीलसाहेब! प्रेस्टन. टाय लावून, डोनट घेऊन, असेच दुपारचे," चेलो म्हणाली. "भला माणूस हो. हॅरिएटबाई आल्या की मला मांजरासारखं अंगणात घालवतात. यांनी उलट स्वतः खुर्ची ओढून दिली. म्हणाले, बसा ताई, तुम्हीच नीट सांगाल. मग मी सांगितलं, सकाळी कसा असतो, दुपारी कसा होतो."

ऑर्विलने इनेझला कोपराने ढोसलं.

"नाव त्यांनी सांगितलं?"

"नाही, रे प्रेस्टन-प्रेस्टन करत होता. ते नुसते हसत होते."

"आणि प्रेस्टनना तुम्ही आधी पाहिलं होतं?"

"मी कुठून पाहणार?"

परतताना ऑर्विल खुशीत होता. "सापडला लेकाचा! उन्हाळ्यापासून भेटलो नाही म्हणे!"

"अहो ऑर्विल, तो खरं बोलला," इनेझ म्हणाली.

संध्याकाळी तिने हॅरिएट, प्रेस्टन आणि काइलला फर्मच्या मोठ्या टेबलाभोवती बसवलं.

"रेच्या घरी कोणीतरी गेलं होतं. रे त्याला प्रेस्टन म्हणाला. पण दुपारी रे मलाही मार्था म्हणतो, तेव्हा नाव सोडून देऊ. त्या माणसाने काय केलं ते बघू. त्याने चेलोला खुर्ची दिली."

"मग? चांगलंच केलं की," ऑर्विल म्हणाला.

"वकील असं कधी करत नाही. अशील वकिलाशी एकांतात जे बोलतो, ते कोर्टसुद्धा सहसा उकरून काढू शकत नाही. पण गप्पा मारायला भाऊबहीण, बायको, कोणी सोबत बसलं की ते संरक्षण जाऊ शकतं. म्हणून हॅरिएट चेलोला अंगणात पाठवतात. म्हणून आज सकाळी प्रेस्टनने त्या बाईंना कॉफीला धाडलं आणि तुम्ही चिडलात. इतक्या वर्षांची सवय आहे ती. अशिलाचं सर्वांत नाजूक गुपित प्रेस्टन बहिणीला शेजारी बसवून विचारेल? शक्यच नाही. तिथे गेलेला माणूस या ऑफिसचा होता, टायवाला होता, पण वकील नव्हता."

सगळ्यांच्या नजरा काइलकडे वळल्या.

"हो, मीच गेलो होतो," काइल गोंधळून म्हणाला. "त्यात काय चुकलं? अशिलाची विचारपूस करणं माझं काम आहे. वरच्यांशी आठवड्याचं बोलणं होतं, त्यात सांगितलं."

"आणि त्याच वरच्यांचं दावे मिटवणारं ऑफिस आहे. बस कंपनीचे दावे तिथेच जातात. दुपारची अट तिथूनच आली."

काइलचा चेहरा पडला. "ते... ते मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ."

"माझा विश्वास आहे," इनेझ म्हणाली. "तुम्ही चोरी केलीच नाही. मालकाने विचारलं ते सांगितलं."

प्रेस्टन काइलकडे वळला. "काइल, विक्री झाल्यावर अशील बोलत असताना मी तुमच्या लोकांना बाहेर बसा म्हणालो असतो, तर?"

"मालकाला कोण बाहेर बसवतं?" काइल म्हणाला. त्याने ते अगदी साधेपणाने विचारलं होतं.

प्रेस्टनने हॅरिएटकडे पाहिलं. "तक्रार करत नाही. विकतही नाही. मी मूर्ख आहे, हॅरिएट."

"मी तरी कुठली शहाणी? त्याला इथे बसू दिलंच ना मी," हॅरिएट म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. "जज्जपुढे हे मांडून मी सकाळची वेळ मागेन. मिळेलच असं नाही. पण आधी रेला सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. ऑर्विलने तिला गाडीने नेलं होतं; तो अंगणात थांबला होता, तिथे उघड्या खिडकीतून त्याला सगळं ऐकू आलं.

"रे, तुझं गुपित आमच्या ऑफिसातून फुटलं," हॅरिएट म्हणाली. "तुला दुसरा वकील करायचा पूर्ण हक्क आहे. मी आजच्या आज कागद देईन. रागावणार नाही."

रेचं डोकं त्या वेळी लख्ख होतं.

"कोणाकडे जाऊ?" त्याने विचारलं. "मेन स्ट्रीटवरची फर्म डेझर्ट लँटर्नने घेतली. कोर्टासमोरचीही घेतली. गावात तुमच्याशिवाय उरलंय कोण, हॅरिएटबाई?"